सोजराबाईच्या खांद्यावरची पडशी

ते १९६१ साल होते. महाराष्ट्र राज्य होऊन दीड वर्ष झाले होते. त्या वर्षीच्या कार्तिकात, बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसरबीड गावी, एका अंगणात माझा जन्म झाला.

मित्रांनो, मी एक जुनी पडशी आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पडशी पाहिलीही नसेल. दोन्ही टोके शिवलेली लांब पिशवी, आणि तोंड मात्र मधोमध, अशी माझी घडण. मला खांद्यावर टाकले की एक खाना छातीवर येतो आणि दुसरा पाठीवर. मला ना बंद, ना पट्टे. माणसाचा खांदा हीच माझी खुंटी.

खामगावच्या बाजारातून आणलेल्या जाड मांजरपाटाची मी झाले. मला शिवले गोजरबाईने. ज्यांच्यासाठी मला शिवले त्या सोजराबाईंची ती नणंद. गोजरबाईने दुहेरी दोऱ्याने टाके घातले, कोपऱ्यांना जुन्या सतरंजीची ठिगळे लावली आणि मला झटकून म्हणाली, "पाय वहिनी, इच्यात पुढं जेवढं, तेवढंच मागं ठेव. पुढचं डोळ्याले दिसते, मागचं पाठीले कयते. दोघायचं भांडन लागू देऊ नको."

सोजराबाई तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या होत्या. त्यांचे यजमान पंजाबराव फार तरुणपणी गेले. मूलबाळ नव्हते. शेतात राबायचे, घरी यायचे, असे त्यांचे आयुष्य चालले होते. माहेर ते सासर एवढीच वाट त्यांनी पाहिली होती, आणि तीही बैलगाडीत बसून. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. नर्मदेला एकदा पायी पूर्ण फेरी घालायची. नदी उजव्या हाताला ठेवून एका काठाने समुद्रापर्यंत जायचे, दुसऱ्या काठाने उगमापर्यंत यायचे आणि जिथून निघालो तिथे पोहोचायचे. जवळ पैसा ठेवायचा नाही. वाटेत लोक जे देतील ते शिजवून खायचे. या चालण्याला दोन-तीन वर्षे लागत.

एकट्या बाईला कोण जाऊ देणार? पण त्या वर्षी त्यांचे चुलत दीर किसनराव आणि जाऊ सत्यभामाबाई निघाले होते. किसनराव काटेकोर माणूस. त्यांनी अट घातली.

"वहिनी, वाटेत कोनी कोनाचं ओझं उचलनार नाई. ओझं ज्याचं, वाट त्याची. तुमी मागं पडल्या, तर जथी मोटार भेटन तथून घरी धाडीन. हाव का?"

"हाव भाऊजी," सोजराबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. मी तेव्हा त्यांच्या मांडीवर होते, म्हणून मला ते दिसले.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगते. कुणी नर्मदेला निघाले की घरटी एक वस्तू त्याच्या पडशीत घालायची. आपल्याला जाणे जमले नाही, तर आपली वस्तू तरी जाऊन यावी, हा त्यामागचा भाव. परत आली की ती वस्तू देव्हाऱ्याजवळ ठेवायची. घ्यायला नाही म्हणणे शक्यच नव्हते. नाही म्हटले तर त्या घराचे जाणे अडवल्यासारखे होई. किसनरावांच्या घरी पुरुष मंडळींनी सुपारी, जानवे असे काहीबाही दिले. सोजराबाईंकडे मात्र बाया आल्या, आणि बायांचा हात मोठा.

शेजारच्या शालूबाईने पितळी तांब्या दिला. चांगला जड, तिच्या लग्नातला. "तुह्यासंगं माहा तांब्या तरी पानी पिईन," ती म्हणाली. रुक्मिणीबाईने स्वतः शिवलेली वाकळ दिली. तिची घडी करून ती माझ्यात कोंबताना माझे टाके कुरकुरले. कुणी कुरडया दिल्या, कुणी डाळ, कुणी मेतकूट. सगळ्यांत शेवटी गल्लीतली सर्वांत म्हातारी झुंबरबाई काठी टेकत आली आणि तिने पदराखालून लोखंडी खलबत्ता काढला.

"मावशी, खलबत्ता?" सोजराबाईंना हसावे की रडावे कळेना.

"मंग? वाटेत सुंठ कशानं कुटशीन? दातानं? दात तं माहे गेले, तुहे बी जातीन!"

सगळ्या बाया हसल्या. खलबत्ता माझ्या मागच्या खान्यात गेला, आणि गोजरबाई माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "झालं भांडन सुरू."

खामगावहून जलंबला, तिथून भुसावळ, मग खंडवा, अशा गाड्या बदलत आम्ही ओंकारेश्वरला पोहोचलो. तिथे नदीत स्नान करून आणि छोट्या कुपीत पाणी भरून चालणे सुरू झाले.

पहिला दिवस उत्साहात गेला. दुसऱ्या दिवशी सोजराबाईंचा खांदा लाल झाला. मग सुजला. त्या मला उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेत, डाव्यावरून उजव्यावर. मागच्या खान्यातला खलबत्ता प्रत्येक पावलाला त्यांच्या कंबरेत बसे. मला फार वाईट वाटे, पण पडशीला स्वतःहून काही टाकता येत नाही. जे घातले ते सांभाळायचे, एवढेच तिच्या हाती असते. कुरडया-डाळ शिजवून संपल्या, तरी तांब्या, वाकळ आणि खलबत्ता होतेच.

किसनराव पुढे जाऊन झाडाखाली थांबत. सत्यभामाबाई थांबत. सोजराबाई मागून येत, तोवर दोघांचे बसून झालेले असे. सोजराबाई टेकल्या की ते उठत.

एका दुपारी किसनराव उठले नाहीत. म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. थोड्या मजलांवर बडवानी हाय. तथी मोटार भेटते. तुमी खंडव्याले जा, तथून गाडीनं घरी."

"मी चालून राह्यली ना भाऊजी."

"चालून नाई राह्यल्या, घसटून राह्यल्या. नाईतं हे लोखंड फेका नदीत."

सोजराबाईंनी माझ्यावरून हात फिरवला. खलबत्ता फेकायचा म्हणजे झुंबरबाईलाच वाटेत टाकून जायचे, असे त्यांना वाटत होते. आणि नाही फेकला, तर घरी परत. त्यांनी मला पुन्हा खांद्यावर घेतले.

त्याच दिवशीच्या मुक्कामाची गोष्ट. नदीकाठच्या एका निमाडी गावात एका शेतकऱ्याने आम्हाला ओसरी दिली. त्या घरची लेक पहिल्यांदाच सासरी निघाली होती. दारात गाडी जुंपलेली होती आणि आत बाया तिची ओटी भरत होत्या. सोजराबाई ओसरीच्या कडेला, खांबाच्या आड सरकून बसल्या. हे सरकणे त्यांच्या अंगवळणी पडले होते. त्या काळी नवरा गेलेल्या बाईने ओटी भरायची नाही, असा रिवाज होता. गावात कुणाचे डोहाळजेवण असो, कुणाची पाठवणी असो, सोजराबाई चुलीजवळ राबत आणि ओटीच्या वेळी मागच्या दाराने बाहेर जात. इतकी वर्षे त्यांना कुणी बाहेर काढले नव्हते. त्या आपणहून जात.

लेक सगळ्यांच्या पाया पडत सोजराबाईंपाशी आली. नर्मदेला फेरी घालणाऱ्या बाईला तिकडे नदीचेच रूप मानतात. लेकीची आई मागून सूप घेऊन आली. सुपात गहू होते.

"मैया, आप भी गोद भरो बिटिया की."

सोजराबाईंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नाई माय. मले नाई चालत. मी..." आणि त्यांनी आपले मोकळे कपाळ दाखवले.

आईला कळले. पण ती सूप घेऊन तशीच उभी राहिली. लेकही पदर पसरून उभी राहिली. गाडीवाला बाहेरून हाका मारत होता. सोजराबाईंची नजर कुठे ठरेना, आणि मग ती माझ्यावर ठरली.

त्यांनी माझे तोंड उघडले. शालूबाईचा तांब्या काढला, पदराने पुसला, सुपातल्या गव्हाने भरला आणि त्या लेकीच्या पदरात ठेवला.

"हे ओटी माही नाई बरं माय. दुसरबीडच्या शालूबाईची हाय. थे सवाशीन हाय. म्या नुसती आनून देली."

आईला सगळे शब्द कळले असतील की नाही, कोण जाणे. पण तिने नाव धरून ठेवले. "शालूबाई," ती म्हणाली. मग लेकीला म्हणायला लावले, "शालूबाई, दुसरबीड." लेक रडता रडता ते म्हणाली आणि गाडीत बसली. शालूबाईचा तांब्या एका अनोळखी सासरी निघाला.

माझा पुढचा खाना हलका झाला. सोजराबाई बराच वेळ आपल्या हाताकडे पाहत होत्या.

सत्यभामाबाईंना मात्र हे अजिबात पटले नाही. "बाई, लोकायच्या वस्तू वाटून राह्यल्या तुमी? शालूबाईच्या लग्नातला तांब्या व्हता थो! गावाले काय तोंड दाखवसान?"

"सत्यभामे, वस्तू नर्मदामाईच्या काठालेच राह्यली ना वं?"

"पन परत न्याची रीत हाय!"

"शालूबाई काय म्हने? माहा तांब्या पानी पिईन. आता थो रोज या काठचं पानी पिईन. देव्हाऱ्यात बसून थो काय प्याला असता?"

"अन् शालूबाई चिडली तं?"

"चिडली तं बोलनी खाईन. पन चालत जाऊन, चालत येऊन खाईन."

पुढच्याच गावात खलबत्त्याची पाळी आली. एक नवी सून दगडावर दगडाने मिरच्या कुटत बसली होती. कुटण्यापेक्षा उडवतच जास्त होती. आम्ही तिच्याकडे पाणी प्यालो. सोजराबाईंनी तिला उठवले, पदर धरायला सांगितला, मूठभर तांदूळ घातले आणि वर तो खलबत्ता ठेवला. पदर जमिनीला टेकला. पोरगी आधी घाबरली, मग अशी हसली की तिची सासू धावत बाहेर आली.

"झुंबरबाईची ओटी हाय," सोजराबाई म्हणाल्या. "वाकून घे, नाईतं पदर फाटन."

त्या दिवशी किसनराव झाडाखाली पोहोचले आणि मागे वळून पाहतात, तो सोजराबाई त्यांच्या मागेच उभ्या! बडवानीला मोटारीचा भोंगा ऐकू आला. किसनरावांनी ऐकला, सोजराबाईंनीही ऐकला. आम्ही काठाने पुढे निघालो.

पुढे डोंगराळ झाडी लागली. तिथे लुटतात, अशी भीती सत्यभामाबाईंना वाटेत अनेकांनी घातली होती. दोन माणसे खरेच आडवी आली. त्यांनी माझ्यात डोकावून पाहिले. एका खान्यात एक लुगडे आणि जुनी धाबळी, दुसऱ्यात वाकळ. ते एकमेकांकडे पाहून हसले आणि आम्हाला आपल्या पाड्यावर घेऊन गेले. तिथे आम्हाला भाजलेला मका मिळाला. त्या झोपडीत एक बाळंतीण होती, बाळ अगदी कोवळे होते आणि थंडी कडाक्याची होती. रुक्मिणीबाईची वाकळ तिथे राहिली. सोजराबाईंनी तिचेही नाव तिथे सांगितले. त्यानंतर त्यांना स्वतःला थंडी वाजली नाही असे नाही. जुन्या धाबळीत पाय पोटाशी घेऊन त्या निजत. पण सकाळी उठून चालू लागत.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची. माझ्यात काय होते सांगू? एक लुगडे, एक धाबळी, एक वाटी, सुई-दोरा आणि पाण्याची कुपी. एवढ्यात एक बाई ऋतूंमागून ऋतू चालली. पुढचा खाना आणि मागचा खाना यांच्यात कधी भांडण झाले नाही. वाटेत लोक काही ना काही देतच. कुणी खण देई, कुणी भांडे. सोजराबाई ते प्रेमाने घेत आणि पुढच्या गावी देणाऱ्याचे नाव सांगून कुणाच्या तरी ओटीत घालत. हळूहळू त्यांचे हात पाठीमागे जाणे थांबले. समुद्राशी नावेत बसताना लाटेने मी भिजले, उत्तर काठावर एका बाभळीने मला फाडले. सोजराबाईंनी लुगड्याच्या काठाचा दोरा काढून मला शिवले. तो हिरवा टाका अजून माझ्या अंगावर आहे.

अमरकंटकच्या आधी घाटात किसनरावांचा पाय मुरगळला. घोटा भोपळ्यासारखा सुजला. ते दगडावर बसले. शेजारी त्यांचे गाठोडे होते. त्यात पोथ्या, पितळी देव आणि गावच्या पुरुषांनी दिलेले सगळे जसेच्या तसे होते. सत्यभामाबाईंच्या डोक्यावर त्यांचे स्वतःचे ओझे होतेच.

"तुमी दोघी व्हा पुढं," किसनराव जमिनीकडे पाहत म्हणाले. "ओझं ज्याचं, वाट त्याची."

सोजराबाईंनी गाठोडे सोडले. पोथ्या माझ्या पुढच्या खान्यात आणि देव मागच्या खान्यात ठेवले. हाताने तोलून पाहिले.

"वहिनी, हे काऊन?"

"माह्या पडशीत जागा हाय, भाऊजी. तुमचा देव पायी चालतो म्हने काय? उठा. सत्यभामे, त्यायले तिकून धर."

त्या दिवशी मी जड होते, पण कुरकुरले नाही. पाय बरा होईपर्यंत किसनरावांचे देव माझ्या पोटात होते, आणि त्यानंतर ती अट आम्ही कधीच ऐकली नाही.

तिसऱ्या वर्षाची थंडी सरताना आम्ही ओंकारेश्वरला फेरी पुरी केली आणि दुसरबीडला परतलो. वेशीपासून वाजंत्री होती. अंगणात गल्लीतल्या बाया जमल्या. सोजराबाईंनी मला खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवले. मी चपटी झाले. बायांच्या नजरा माझ्यावर खिळल्या.

"सोजरे, माहा खलबत्ता?" झुंबरबाईने विचारले. आता नीट दिसत नसल्याने ती मला चाचपत होती.

सोजराबाईंनी एकेक वस्तू कुठे आहे ते सांगितले. कुठल्या गावी, कुणाच्या घरी, ओटी भरताना कोणाचे नाव घेतले. काहीही लपवले नाही. सत्यभामाबाई पुढे होऊन म्हणाल्या, "म्या पायलं हाय. एकेकीचं नाव घेऊन देलं त्यायनं."

आधी झुंबरबाई हसली. दात नसलेल्या तोंडाने पोटभर हसली. "म्हंजे थो परत येनार नाई! सुटला रे बाप्पा! सासूनं देला तवापासून माह्या मागं व्हता!"

रुक्मिणीबाईने डोळे पुसले आणि त्या बाळाचे नाव काय ठेवले ते विचारले. शालूबाई मात्र उठली आणि तरातरा आपल्या घरात गेली. सोजराबाई खाली पाहत बसल्या. बोलणी खायची त्यांची तयारी होती.

शालूबाई परत आली तेव्हा तिच्यामागे तिची सून होती. सातवा महिना होता. शालूबाईच्या हातात सूप, सुपात गहू आणि वर नारळ. तिने सूप सोजराबाईंच्या पुढ्यात ठेवले.

"भर तिची ओटी."

"शालूबाई, मी..."

"तथी माह्या नावानं भरली ना? आता अथी तुह्या नावानं भर. अन् मांगच्या दारानं गेली तं पाय, तंगडं मोडीन."

गोजरबाईने सुनेला पुढे ढकलले. सोजराबाईंचे हात पाठीमागे गेले नाहीत. त्यांनी गव्हाची ओंजळ उचलली. त्या दिवशी आमच्या गल्लीत एक जुनी रीत मोडली, आणि तिच्या जाण्याचे कुणाला दुःख झाले नाही.

आता ही माणसे कुठे गेली ते सांगते. झुंबरबाई पुढच्याच उन्हाळ्यात गेली. शेवटपर्यंत ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की माझा खलबत्ता नर्मदेला नांदतो. किसनरावांनी मग पंचक्रोशीतून निघणाऱ्यांची गाठोडी स्वतः सोडून हलकी करून द्यायचे काम घेतले. लोक त्यांना भीत, पण ऐकत. सत्यभामाबाई त्यांच्यानंतर लेकीकडे सुलतानपूरला राहिल्या. गोजरबाईने माझ्यासारख्या कितीतरी पडश्या शिवल्या. डोळे गेल्यावर बोटांनी चाचपून शिवल्या. रुक्मिणीबाईने तशीच दुसरी वाकळ केली आणि ती अंगावर घेऊनच शांत झोपी गेली. शालूबाईला पुढे एकदा निरोप आला. आपल्या भागातला कुणी फेरीला गेला होता, त्याला एका घरी पाणी देताना म्हणाले, हा दुसरबीडच्या शालूबाईचा लोटा आहे. तो निरोप तिने पुढे कितीतरी जणींना ऐकवला. त्या काठची काही गावे आता धरणाच्या पाण्याखाली गेली, असे ऐकते. माणसे उठून उंचावर गेली. जाताना कुणी तो तांब्या घेतलाच असेल.

सोजराबाई खूप जगल्या. गल्लीतल्या पोरींच्या पाठवणीला पहिली ओंजळ त्यांची असे. त्या गेल्यावर कुणीतरी माझ्यात चिंध्या कोंबल्या आणि मला शालूबाईच्या घरच्या माळ्यावर टाकले. तिथे मी बरीच वर्षे होते. उंदरांनी एक कोपरा कुरतडला. पण मला त्रास झाला तो कुरतडण्याचा नव्हे. ज्याचा कुणाला उपयोग नाही अशा वस्तूंनी गच्च भरून पडून राहण्याचा झाला.

शालूबाईच्या त्या सुनेला मुलगी झाली होती. तिचे नाव नर्मदा. ती खामगावला शिक्षिका झाली. निवृत्त झाल्यावर दुसरबीडचे घर आवरताना तिने मला खाली काढले, चिंध्या ओतून दिल्या, धुतले आणि उन्हात वाळत घातले. हिरव्या टाक्यावर तिचे बोट थांबले. आता मी तिच्या दाराजवळच्या खुंटीवर आहे. ती बाहेरगावी निघाली की मला खांद्यावर टाकते. नात विचारते, "आजी, एवढ्यात तुला पुरतं?" नर्मदा मला हाताने तोलून पाहते, पुढचे मागचे सारखे करते आणि म्हणते, "उरतं."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी पिशवी माळ्यावर असेल. तिला खाली आणा, ऊन दाखवा, फाटली असेल तर टाका घाला. आणि तिला जपायचे म्हणून भरून ठेवू नका. थोडी जागा राहू द्या. वाटेत कुणाचा पाय कधी मुरगळेल, सांगता येत नाही.